बांगड्या ऐकू येतात, बाई कुठाय?

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मी एकच वाक्य अकरा वेळा लिहिलं. राहात्याच्या एका वाचनालयात मी चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त होताना पुस्तकांच्या नोंदीची जुनी कोरी कार्डं रद्दीत चालली होती, ती मी मागून घेतली. किराण्याची यादी करायला बरी पडतात. त्यातली दहा मी फाडली. अकरावं टिकलं, ते वाक्य चांगलं जमलं म्हणून नव्हे, दसरा उजाडला म्हणून.

वाक्य असं होतं : ‘रोज संध्याकाळचा चहा आपण दोघांनी एकत्र घ्यावा, असे मला वाटते. आपणास काय वाटते?’

एकाहत्तराव्या वर्षी माणसाने असलं काही लिहावं का, हा प्रश्न मलाही पडला होता. पण तो मी कार्डावर लिहिला नाही.

हे वाक्य सत्यशीलाबाईंसाठी होतं. बाई माझ्यापासून तिसऱ्या घरात राहतात. एकतीस वर्षं त्यांनी अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, झेडपीच्या शाळांवर काढली. लग्न केलं नाही. ‘वेळ झाला नाही,’ असं सांगतात, आणि ते खरंच असावं, कारण शाळा सुटली की त्या वस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत बसायच्या. चौदा वह्या भरल्या. तीन वर्षांपूर्वी त्या वह्या घेऊन राहात्याला परत आल्या आणि वह्यांना कव्हरं घालून देण्यापुरती माझी त्यांची ओळख झाली. कव्हरं मी आतापर्यंत तीनदा बदलली आहेत.

त्यांची भाची पंकजा नगरला रेकॉर्डिंगचा लहानसा स्टुडिओ चालवते. उन्हाळ्यात तिने बाईंना नेलं, सोबत टेम्पोतून त्यांच्या आईचं जातंही नेलं, आणि बाईंना जात्यापुढे आणि शेजारी एकीला सूप पाखडायला बसवून, दळता दळता, बारा ओव्या गाऊन घेतल्या. त्याच्या प्रती काढून, ओव्या ज्या वस्त्यांवरून आल्या तिथल्याच शाळांना द्यायच्या, असा पंकजाचा बेत होता. अडलं होतं ते बाईंच्या होकारासाठी.

“स्टुडिओत बरं वाटलं मला,” बाई म्हणाल्या, “पण स्टुडिओत सगळेच गोड बोलतात. आधी चार बायकांना ऐकवते. त्यांनी मान डोलावली तर पंकजाला हो म्हणेन. नाहीतर जातं परत माळ्यावर आणि मी गप्प.”

“छानच असणार,” मी म्हणालो.

“रंगनाथराव, तुम्हाला कधी काही वाईट वाटलंय का?”

वाचनालयात कुणी मला विचारलं की हे पुस्तक कसं आहे, तर मी नेहमी ‘छान आहे’ म्हणायचो. लेखकाने एवढं लिहिलेलं असतं, आपण कोण?

तर ठरलं असं, की दसऱ्याला दुपारी चार वाजता ओव्या ऐकायच्या, आणि त्या माझ्या घरी. कारण गल्लीत धड ऐकण्यासारखं यंत्र माझ्याकडेच आहे. स्टेशनरोडच्या फक्रुद्दीनभाईंनी मला ते निवृत्तीच्या वर्षी करून दिलं. एक ॲम्प्लिफायर आणि प्लायवुडचे दोन कमरेइतके स्पीकर, समोरच्या भिंतीला, मधे कॅलेंडर. भाई म्हणाले होते, “दोघांच्या मधी बसा न् डोळं मिटा. गाणारा कॅलेंडरातून बाहेर येतो का न्हाई बघा.” आणि खरंच यायचा. मी एकटा माणूस. रोज संध्याकाळी कॅलेंडरातून कुणी ना कुणी बाहेर यायचं, तेवढीच सोबत.

खंडेनवमीला मी दरवर्षी पुस्तकं पुजतो. चार ओळींत मांडतो, फुलं वाहतो. सुतार करवत पुजतो, शेतकरी नांगर, आमचं शस्त्र पुस्तक. फक्रुद्दीनभाईसुद्धा त्या दिवशी दुकानातल्या डाग द्यायच्या सोल्डरिंग आयर्नला झेंडू बांधतात, त्यांचे उस्ताद बांधायचे म्हणून. या वर्षी मला वाटलं, उद्या ज्यांच्या तोंडून बाईंचा आवाज यायचा, त्या स्पीकरांनाच आपण वगळायचं? मी वायरी सोडवल्या, दोन्ही पेट्या पाटावर घेतल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, हार घातले. समोर जाळीचं कापड होतं, त्याला डाग पडेल म्हणून हळदकुंकू मागच्या बाजूला लावलं. तिथे वायरी अडकवायच्या चार खुंट्या आहेत, दोन एका पेटीला, दोन दुसरीला. चौघींना हळद, चौघींना कुंकू. सढळ हाताने. हात वायरींना पुसले गेले असतील, आता आठवत नाही. दुपारी नैवेद्य झाल्यावर वायरी परत जोडून टाकल्या आणि कार्डावरच्या वाक्याकडे वळलो.

*

दसऱ्याला चारच्या आधीच बायका आल्या. माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी दिपाली आली. ती ब्लाउज शिवते, आणि मापं घेतल्यासारखीच माणसांकडे बघते. गल्लीच्या टोकाच्या बनुबाई काठी टेकत आल्या. त्या ऐंशीच्या पुढच्या, कानाने अधू, पण आयुष्याची चाळीस वर्षं पहाटे उठून दळलेली बाई. सत्यशीलाबाईंना खरी भीती बनुबाईंचीच होती. आणखी दोघीतिघी शेजारणी. मी सगळ्यांना आपट्याची पानं दिली, ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणालो, आणि डिशमध्ये पेरू कापून, मीठ-तिखट लावून ठेवले. बाईंसाठीचं आपट्याचं पान वेगळं काढून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. त्याच खिशात कार्ड. ओव्या संपल्या, बायका गेल्या, की पान द्यायचं आणि पानाबरोबर कार्ड. बोलावं लागणारच नव्हतं. फार हुशारीची योजना वाटली होती ती मला.

बाई हिरव्या काठाचं पांढरं लुगडं नेसून आल्या. मी बघितलं आणि पेरूची डिश मुळात होती तिथेच पुन्हा ठेवली.

“काका, डिश जागेवरच हाय,” दिपाली म्हणाली.

बनुबाई ऐकू यावं म्हणून डाव्या स्पीकरला पाठ लावून, अगदी कानाशी घेऊन बसल्या. बाकीच्या मधे सतरंजीवर. बाई दारापाशी उभ्या राहिल्या, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तशा. मी पेनड्राइव्ह लावला.

काय ऐकू आलं ते कसं सांगू? बांगड्यांची किणकिण आली, स्वच्छ, उजव्या हाताला. डावीकडे सुपात दाणे पाखडल्याचा आवाज आला, तोही स्वच्छ. जात्याची घरघर मात्र कुठेच नव्हती, तिच्या जागी कुणी कागदावर नख ओढावं तशी खरखर. आणि बाईंचा आवाज... होता. पण तो कुठूनच येत नव्हता. घरभर सांडलेला, पाणी जास्त झालेल्या पिठल्यासारखा पातळ. शब्द कळत होते, गाणारं माणूस नव्हतं.

पहिली ओवी संपली. दुसरी लागली.

“बांगड्या ऐकू येतात गं,” एक शेजारीण हळूच म्हणाली, “बाई कुठाय?”

“बाई पीठ द्यायला गेली असंल,” दिपाली म्हणाली, आणि लगेच तिने जीभ चावली. पण हसू फुटायचं ते फुटलंच. तोंडाला पदर लावून दोघीतिघी हसल्या. वाईट मनाने नव्हे. असं हसू आवरत नाही.

“लई ग्वाड!” बनुबाई मोठ्याने म्हणाल्या. “लई ग्वाड गळा हाय बाई तुझा! जातं तर बघा कसं घुमतंय!”

हसणाऱ्यांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. बहिऱ्या म्हातारीने दयेपोटी केलेलं कौतुक, असंच सगळ्यांना वाटलं. बाईंनाही तसंच वाटलं असणार. त्या आत आल्या, माझ्याकडे वळल्या.

“बंद करा, रंगनाथराव.”

मी बंद केलं.

“बरं झालं इथेच कळलं,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता, वर्गात हजेरी घेताना असतो तसा. “त्या बायकांनी जीव ओतून दिलेल्या ओव्या आहेत. त्या असल्या मेलेल्या गळ्यातून परत पाठवायच्या नाहीत मला. दिवेलागणीला पंकजाला फोन करते, पुसून टाक म्हणते. पेरू छान आहेत.”

आणि गेल्या. पान माझ्या खिशात राहिलं. पण खरं सांगतो, त्या वेळी मला पानाचं दुःख नव्हतं. पेरू छान आहेत, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी एकही फोड घेतली नव्हती, ते मला लागलं.

*

बायकांना काय करावं कळेना, म्हणून त्या पेरू खात बसल्या. बनुबाई रागावल्या होत्या.

“का गं बंद केलं? चांगलं चाललं हुतं की!”

“आजी, आवाज बसका होता,” दिपाली त्यांच्या कानात ओरडली.

“बसका? तुज्या कानात बसका! म्या काय पहिल्यांदा वव्या ऐकती व्हय? जातं घुमत हुतं, बाई गात हुती, आन् तुमी हसत हुता!”

माझा स्वभाव असा, की दोन माणसांची मतं वेगळी पडली की मला दोन्ही बरोबर वाटतात. वाचनालयात यावरून माझी थट्टा व्हायची. पण त्या क्षणी तो स्वभाव कामाला आला. मला वाटलं, समजा बनुबाई खोटं बोलत नसतील? बहिऱ्या बाईला नीट ऐकू आलं आणि ऐकू येणाऱ्यांना आलं नाही, असं कधी होईल? बनुबाई बसल्या कुठे होत्या?

मी परत यंत्र लावलं आणि गुडघे टेकून, डाव्या स्पीकरला कान लावला. बाई होत्या! भरदार, जवळ, श्वासासकट. रांगत उजव्या स्पीकरकडे गेलो. तिथेही बाई होत्या. रांगत मधे आलो. बाई नाहीत. परत डावीकडे. आहेत. उजवीकडे. आहेत. मधे. नाहीत.

“काका, फुगडी खेळताय का?” दिपालीने विचारलं.

मला एक पुस्तक आठवत होतं. वाचनालयाने बाद केलेलं, मुखपृष्ठ गेलेलं, ध्वनियंत्रांची माहिती देणारं. मी ते वीसेक वर्षांपूर्वी वाचलं होतं, म्हणजे ते मला नीट समजलं नव्हतं. मी फक्रुद्दीनभाईंना फोन लावला.

“भाई, एक शंका आहे. बहुतेक चुकीची असेल.”

“तुमच्या सगळ्याच शंका तशा असत्यात. बोला.”

“दोन्ही स्पीकर वेगवेगळे चांगले वाजतात. एकत्र वाजले की गाणारी नाहीशी होते.”

“वायरी कुणी काढल्या हुत्या?”

“मी. काल.”

“कशापायी?”

“पूजेला.”

“बरं. मागच्या खुंट्यांना म्या रंग दिलाय. एक लाल, एक काळी. वायरीच्या एका पदरावर लाल रेघ हाय, ती लाल खुंटीला. बघा बरं, तशी हाय का?”

मी पेटीच्या मागे वाकून बघितलं. मग दुसऱ्या पेटीच्या मागे. मग वायरी हातात धरून बघितल्या.

“भाई, सगळंच लाल आहे.”

“आं?”

“चारही खुंट्या लाल आहेत. वायरीचे दोन्ही पदर लाल आहेत. मी... कुंकू लावलंय.”

फक्रुद्दीनभाई हसायला लागले. आधी खोकल्यासारखं काही ऐकू आलं, मग फोन कुठेतरी आपटला, मग लांबून त्यांचा आवाज आला, “मुबारकबी, आगं ऐक! रंगनाथरावांनी स्पीकरला कुंकू लावलं!” त्यावर त्यांच्या बायकोचा आवाज, “हळद लावली का न्हाई, विचारा!”

“लावली,” मी फोनमध्ये सांगितलं. खोटं कशाला बोला?

हसणं ओसरायला बराच वेळ गेला. “ऐका,” शेवटी भाई म्हणाले, “म्या कोपरगावात हाय, लेकीकडं, न्हाईतर आलोच असतो. एका पेटीच्या वायरी उलट्या लागल्यात. एका पेटीतला कागदी पडदा हवा पुढं ढकलतोय, त्याच टायमाला दुसरीतला मागं वढतोय. दोघं मिळून शून्य. जे दोन्हीत सारखं हाय त्येच मरतं, म्हंजी गाणारी न् जातं. बांगड्या एकाच बाजूला हायेत, त्या जगल्या. पेन्सिल सेल घ्या. वायरी यंत्राकडनं सोडवा, तिथल्या खुंट्यांचा रंग तरी ठिवलाय का?”

“तिथे फक्त झेंडू वाहिला होता.”

“उपकार झालं. लाल खुंटीत जो पदर हुता त्याला सेलचं टोक, दुसऱ्याला बूड. क्षणभरच टेकवा. पडदा बाहेर आला तर सुलट. आत गेला तर उलट.”

घरात सेल फक्त भिंतीवरच्या घड्याळात होता. मी तो काढला. घड्याळ पाचला दहा मिनिटं कमी असताना थांबलं. दिपालीने दोन्ही पेट्यांच्या जाळ्या काढल्या आणि पडद्यापुढे बोट धरून बसली. बनुबाईसुद्धा वाकल्या. मी डाव्या स्पीकरच्या वायरींना सेल टेकवला. ‘टप्’.

“बाहेर आला!” दिपाली ओरडली.

उजव्याला टेकवला. ‘टप्’.

“आत गेला! काका, आत गेला! परत करा!”

परत केलं. परत आत गेला. बायकांनी पेरू सोडले आणि सगळ्या भोवती जमल्या. मला अजून चार वेळा करून दाखवावं लागलं. बनुबाई म्हणाल्या, “मेल्याला हुचकी लागली जणू.” आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकात वाचलेली गोष्ट माझ्यासमोर खरी होत होती, आणि चूक माझीच निघाली होती, आणि मला इतका आनंद झाला होता की चष्म्यावर वाफ आली.

उजव्या पेटीच्या मागच्या दोन वायरींची अदलाबदल केली. एवढंच. एका मिनिटाचं काम.

“लावा की आता,” दिपाली म्हणाली.

“नको. आधी त्यांना आणतो. माझ्या कानांचा भरवसा नाही. बाईंच्या बाबतीत तर अजिबात नाही.”

हे मी मोठ्याने बोललो, हे मला दिपालीचा चेहरा पाहून कळलं. मी चपला न घालता बाहेर पडलो.

*

बाईंनी दार अर्धंच उघडलं. आत जातं दिसत होतं, पोत्यावर ठेवलेलं.

“समजूत घालायला आलात,” त्या म्हणाल्या. “नका घालू. तुम्ही छान आहे म्हणाल, आणि मला ते खरं वाटावंसं वाटेल. त्यापेक्षा पंकजाशी बोलू दे.”

“छान नव्हतं,” मी म्हणालो.

बाईंनी दार आणखी थोडं उघडलं.

“वाईट होतं. फार वाईट होतं. पण ते तुमच्या गळ्यामुळे नाही. तुमचं चुकतंय.”

कुणाला तरी ‘तुमचं चुकतंय’ म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. बाई बघतच राहिल्या. मला वाटलं, आता थांबलो तर पुन्हा सुरू होता येणार नाही, म्हणून मी बोलतच गेलो. पडदे, हवा, पुढे, मागे, सेल, उचकी. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“हळू. एकेक सांगा. काढून दाखवा.”

शिक्षिका होत्या. मी खिसा चाचपला. पेन होतं, आणि एक कार्ड होतं. मी त्याच्या कोऱ्या बाजूवर दोन चौकोन काढले, त्यांत दोन गोल, अधिक, उणे, बाण. मागच्या बाजूला काय लिहिलं आहे ते मला त्या वेळी आठवलं नाही. यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, पण खरंच आठवलं नाही.

“हे बघा. दोघीजणी समोरासमोर जात्यावर बसल्या आहेत, असं समजा. खुंटा एकच, हात दोघींचे. दोघी एकाच अंगाने फिरवतात तेव्हा जातं फिरतं. एकीने डावीकडून जोर लावला आणि दुसरीने त्याच वेळी उजवीकडून, तर?”

“जातं जागचं हलणार नाही.”

“दोघींत जोर असून?”

“दोघी कितीही दांडग्या असल्या तरी.” त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि बाणांवरून बोट फिरवलं. “पण मग वायरी उलट्या लावल्या कुणी?”

“मी. खंडेनवमीला पूजा केली स्पीकरांची. कुंकवाने खुणा झाकल्या गेल्या.”

“स्पीकरांची पूजा का केली?”

खरं कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी जात्याकडे बघत राहिलो.

“परत बिघडलं तर?” बाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज सरळ नव्हता. “दोनदा नाही सोसायचं मला, रंगनाथराव.”

“बिघडलं तर तुमच्याआधी मी पंकजाला फोन करतो, आणि चौदाच्या चौदा वह्यांची कव्हरं परत घालतो.”

“तुम्ही तशीही घालणारच आहात,” त्या म्हणाल्या आणि चपला पायात सरकवल्या.

*

बायका सतरंजीवर जागा धरून बसल्या होत्या. गल्लीतल्या आणखी चौघी जमल्या होत्या. दिपालीने बातमी पसरवली होती की रंगनाथकाकांच्या स्पीकरला उचकी लागते. बनुबाई डाव्या पेटीशी. बाईंना मी अगदी मधे, कॅलेंडरासमोर बसवलं. कार्ड त्यांच्या हातातच होतं.

लावलं.

पहिल्यांदा जातं आलं. पायाखालच्या फरशीतून यावं तसं, घुमत, घरभर. मग बांगड्या. मग कॅलेंडर होतं त्या जागी, हाताच्या अंतरावर, एका बाईने श्वास घेतला. तो श्वास ऐकून एक शेजारीण चक्क बाजूला सरकली, जागा द्यायला.

‘घाट उतरून आली, पाण्याची गं वाट
माझ्या जात्याच्या पाळीला, उगवली पहाट...’

सतरंजीवर कुणी हललं नाही. बनुबाई मात्र गोंधळल्या. त्यांनी डाव्या पेटीला हात लावून बघितला, मग काठी घेऊन उठल्या आणि कॅलेंडरापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कॅलेंडर उचलून मागे बघितलं.

“आगं, ही तर हितं मधी येऊन बसली!” त्या म्हणाल्या. मग त्यांचा हात आपोआप गोल फिरायला लागला, हवेत, खुंटा धरल्यासारखा. दुसऱ्या ओळीला त्या गायलाही लागल्या, शब्द त्यांचे स्वतःचेच, सूर वेगळाच, आणि तरी बसलं ते. दिपालीने त्यांच्यासमोर जाऊन तोच अदृश्य खुंटा धरला. तिने उलट्या अंगाने फिरवायला सुरुवात केली, तशी बनुबाईंनी तिला काठी दाखवली. “सुलटा फिरीव! ऐकलं न्हाईस का मास्तरांचं?”

मी मास्तर नाही, पण कुणी सुधारलं नाही.

बाराच्या बारा ओव्या झाल्या. बाईंनी डोळे मिटलेले होते. संपल्यावर उघडले, पदराने नाक पुसलं, आणि सगळ्यांदेखत पंकजाला फोन लावला.

“हं, पंके. काढ प्रती. हो, हो, सगळ्या. पहिली बनुबाईंना. आवाज? आवाज चांगला आहे माझा. हो, मीच म्हणतेय.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सीमोल्लंघनाची वेळ झाली म्हणून एकेक करून उठल्या. मी पेरूची रिकामी डिश उचलून आत जायला लागलो, तेव्हा बाईंनी आकृती पुन्हा एकदा बघावी म्हणून कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि सहज उलटलं.

तेव्हा मला आठवलं.

डिश माझ्या हातात होती. ती कुठे ठेवावी ते कळेना. मी ती आधी यंत्रावर ठेवली, मग उचलली, मग परत तिथेच ठेवली. बाई वाचत होत्या. दोन ओळी वाचायला इतका वेळ लागत नाही. चौदा वह्या लिहिलेल्या बाईला तर नाहीच. दाराशी चपला शोधण्याचं नाटक करत दिपाली उभी होती, आणि चपला तिच्या पायातच होत्या.

“पेन द्या,” बाई म्हणाल्या.

दिलं. हात लांब केल्यावर खिशातलं आपट्याचं पान खाली पडलं. ते त्यांनी उचललं, कार्डावर ठेवलं, बाजूला केलं, आणि माझ्या वाक्याच्या खाली काहीतरी लिहिलं. मग कार्ड माझ्या हातात देऊन, पान स्वतःकडे ठेवून, दिपालीला “चल गं” म्हणत बाहेर पडल्या.

लिहिलं होतं : ‘साखर अर्धा चमचा. उद्यापासून. आलं घालणे.’

मी ते कार्ड किती वेळ वाचत होतो कोण जाणे, कारण घड्याळ बंद होतं. मग सेलची आठवण झाली. मी खुर्चीवर चढून तो घड्याळात बसवला, उतरलो, पुन्हा वाचलं. बाहेर लोक सोनं लुटून परत येत होते. मी यंत्र लावलं, मधे बसलो, आणि बाई कॅलेंडरातून बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या तेव्हा मी आलं किसत होतो. त्यांनी आल्याआल्या भिंतीकडे बघितलं. घड्याळात अजूनही पाचला दहा कमी होते. मी म्हणालो, बहुतेक बिघडलं असावं, जुनं आहे. बाईंनी चप्पल काढून खुर्चीवर पाय ठेवला, घड्याळ उतरवलं, मागचं झाकण काढलं, आणि इतक्या हसल्या की वरून दिपालीने शिवणयंत्र थांबवून विचारलं काय झालं म्हणून.

मी सेल उलटा बसवला होता.